असिस्टंट प्रोफेसरची मुलाखत, बडोदं: बारा दिवसांत काय काय करावं?

सुरसागर_काठ | सोमवार, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी. बडोद्यात विद्यापीठातल्या असिस्टंट प्रोफेसर पदासाठी मुलाखतीचं पत्र आलं आहे. विषय रसायनशास्त्र, स्पेशलायझेशन फिजिकल. नेट (अध्यापकपदाची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) आहे, पीएचडी आहे, पाच पेपर आहेत. पत्रात लिहिलंय की आधी आठ मिनिटांचं अध्यापन प्रात्यक्षिक, विषय उमेदवाराच्या पसंतीचा, आणि लगेच मुलाखत. हाताशी बारा दिवस.

तीन प्रश्न:
१. शॉर्टलिस्टमध्ये गुण चांगले असतील तर आत त्याचा किती फायदा होतो?
२. आठ मिनिटांत पीएचडीतलं शिकवावं की बीएस्सीचं?
३. कागदपत्रांत नेमकं कुठे अडवतात?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दांडियाबाजारकर | सोमवार, रात्री ९:५०

अभिनंदन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: काहीही नाही.

जाहिरातीत कुठल्या नियमावलीचा उल्लेख आहे ते आधी बघा. २०१८ची यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावली असेल तर विद्यापीठांसाठी कोष्टक ३अ लागू. त्यात पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, एमफिल-पीएचडी मिळून ३०, जेआरएफसह नेटला (जेआरएफ म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) ७, संशोधन लेखांना १० (एका लेखाचे २), अनुभवाला १० (वर्षाला २) आणि पुरस्कारांना ३. झाले शंभर. कॉलेजांसाठी ३ब हे वेगळं कोष्टक आहे. तिथे पदवीला २१ आणि पीएचडीला २५, नेट-जेआरएफला १०, लेखांना फक्त ६. म्हणजे विद्यापीठात मागे पडलेला उमेदवार कॉलेजच्या यादीत वर दिसू शकतो, त्यात काही गौडबंगाल नाही.

पण याच नियमावलीतली एक टीप फारसं कुणी वाचत नाही. हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड फक्त मुलाखतीतल्या कामगिरीवर. नव्वद गुणांवाला आणि पासष्टवाला, दोघेही आत शिरताना शून्यावर. पाच पेपरांनी तुम्हाला दारापर्यंत आणून सोडलं, त्यांचं काम संपलं. आता ते पेपर तुम्हाला समजावून सांगता येतात का, एवढंच बघितलं जाणार.

समोर कोण बसतं तेही सांगतो, म्हणजे उत्तर कुणाकडे बघून द्यायचं ते कळेल. अध्यक्ष म्हणून कुलगुरू, किंवा त्यांनी नेमलेले आणि प्रोफेसर म्हणून किमान दहा वर्षं काम केलेले कुणी. कुलपतींनी नेमलेले एक प्रोफेसर दर्जाचे अभ्यासक. तीन विषयतज्ज्ञ. डीन आणि विभागप्रमुख. शिवाय उमेदवारांत आरक्षित गटातले, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील आणि समितीत त्यांच्यापैकी कुणी नसेल, तर त्या गटाचे एक प्रतिनिधी. गणपूर्तीला चार सदस्य लागतात, त्यात बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असावेच लागतात.

यातून व्यवहारात निघणारी गोष्ट अशी की विषयावरचे प्रश्न तीन तज्ज्ञ विचारणार, आणि ते तुमच्या उपविषयातलेच असतील असं नाही. ऑरगॅनिकवाला तज्ज्ञ फिजिकलवालीला तिच्या थीसिसबद्दल खोल काय विचारणार? तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं विचारतो. माणसं तिथेच पडतात.

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री १०:१५

वाचनखूण साठवली. एक उपप्रश्न घुसडते. माझ्याकडे महाराष्ट्राची सेट (राज्याची पात्रता परीक्षा) आहे, नेट नाही. बडोद्यात चालेल का?

दांडियाबाजारकर | सोमवार, रात्री १०:३१

नाही चालणार, ताई. १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत चालते. गुजरातसाठी जीसेट वेगळी, आणि ती घेण्याचं काम बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठच करतं. नेट मात्र देशभर चालते. सीमेपलीकडून इकडे अर्ज करणारी मराठी मुलं दरवेळी इथे ठेचकाळतात. फी भरून मोकळी होतात आणि छाननीत नाव उडतं.

जातीच्या दाखल्याचंही तेच. महाराष्ट्रातून मिळालेल्या दाखल्यावर गुजरातच्या राज्य आरक्षणात जागा मिळत नाही, अर्ज खुल्या वर्गातूनच करायचा.

आणखी एक. ३० जून २०२३च्या दुरुस्तीने १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट (सेटचंच दुसरं नाव) ही किमान अर्हता ठरली आणि या पदासाठी पीएचडीची सक्ती गेली. नेट नसलेल्या पीएचडीधारकांनी जाहिरातीतलं अर्हतेचं वाक्य शब्दशः वाचावं. 'कुणीतरी म्हणालं' यावर रेल्वेचं तिकीट काढू नये.

कागदी_घोडे | सोमवार, रात्री ११:१०

तिसरा प्रश्न माझा. पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तुमच्या संशोधनाशी घेणं नसतं. त्याच्या हातात एक यादी असते आणि टिकमार्क करायचे असतात. त्याचं काम सोपं करा.

दोन फाइली करा. एकीत फक्त मूळ कागद, प्लॅस्टिकच्या खिशांची, पंच न करता. दुसरीत स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच. क्रम अर्जातल्या क्रमाप्रमाणेच: ऑनलाइन अर्जाची प्रिंट, मुलाखतीचं पत्र, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, दहावी, बारावी, बीएस्सीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी, एमएस्सीचं तसंच, नेट, पीएचडी, अनुभव, पेपर. पत्रात दोन संच मागितले असले तर तीन न्या. तिसरा आत तज्ज्ञाला दाखवायला उपयोगी पडतो.

नेमकं अडतं कुठे:

सीजीपीए. गुणपत्रिकेवर फक्त ग्रेड पॉइंट असेल आणि अर्जात टक्के भरले असतील, तर तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र सही-शिक्क्यासह लागतं. गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेलं असेल तर पाठीमागची बाजूही झेरॉक्स करा. निम्मे लोक पुढचीच बाजू करून आणतात. किमान पात्रतेच्या ५५ टक्क्यांच्या काठावर असणाऱ्यांचा तर सगळा खेळच त्यावर.

पीएचडी. पदवी प्रमाणपत्र अजून हातात नसेल तर पीएचडी बहाल झाल्याचं अधिसूचनापत्र लागतं. मार्गदर्शकाचं 'थीसिस सादर केला आहे' असं पत्र चालत नाही. सोबत निबंधकांच्या सहीचं पाच मुद्द्यांचं प्रमाणपत्र ठेवा: नियमित पद्धतीने पीएचडी, दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, दोन शोधलेख, दोन परिषदांतली सादरीकरणं. हे मिळायला काही विद्यापीठांत महिना जातो. बारा दिवसांत मिळवायचं असेल तर उद्याच जा.

अनुभव. प्रमाणपत्रावर 'पासून-पर्यंत' तारखा, पदनाम, नेमणुकीचा प्रकार आणि पगार हे चारही हवेत. 'यांनी आमच्याकडे दोन वर्षे समाधानकारक काम केले' या वाक्याला किंमत नाही. वर्षापेक्षा कमी काळ असेल तर गुण त्या प्रमाणात कमी होतात, म्हणून तारखा दिवसासकट.

नाव. लग्नाआधीचं आणि नंतरचं, किंवा वडिलांचं नाव मधे असलेलं आणि नसलेलं. राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र, आणि एक प्रतिज्ञापत्र. मराठी मंडळींच्या कागदांवर आडनाव कधी आधी, कधी शेवटी येतं. गुजरातमधल्या कागदांवर बहुधा आधी. संगणकाला ती दोन माणसं वाटतात.

नॉन-क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस दाखल्यांची तारीख जाहिरातीत दिलेल्या मुदतीत बसते का ते बघा. मुलाखतीच्या दिवशीची तारीख धरत नाहीत.

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ७:२०

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. बीएस्सीचं शिकवा. दुसरं वर्ष, फार तर तिसरं. आठ मिनिटांत तुम्हाला वर्गात उभं राहता येतं का हे बघायचं असतं. पीएचडीबद्दल नंतर विचारतीलच.

विषय निवडताना होणारी चूक म्हणजे अख्खं प्रकरण उचलणं. 'केमिकल कायनेटिक्स' (रासायनिक प्रक्रियांच्या वेगाचा अभ्यास) हा विषय झाला नाही, तो अर्धा सेमिस्टर झाला. 'फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन' अजूनही मोठा. 'फर्स्ट ऑर्डरची हाफ-लाइफ (माल निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुरुवातीच्या कॉन्सन्ट्रेशनवर का अवलंबून नसते' हा आठ मिनिटांचा विषय. 'का' असलेलं एक वाक्य विषयातून निघत नसेल तर तो विषय सोडा.

वेळेचं म्हणाल तर आठ म्हणजे साडेसहा धरा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कुणीतरी मधेच प्रश्न टाकणार, किंवा अध्यक्ष 'बस, पुढे या' म्हणणार. मुख्य मुद्दा चौथ्या मिनिटाच्या आत फळ्यावर आलेला असला पाहिजे. शेवटासाठी राखून ठेवलेली गंमत शेवटपर्यंत पोचत नाही.

आता फळा. लोक याला क्षुल्लक समजतात, पण समितीसमोर आठ मिनिटं तेवढंच तर असतं.

नवा खडू लांब असतो म्हणून थरथरतो आणि किंचाळतो. मोडून दोन-अडीच इंचाचा करा, फळ्याशी तिरका धरा, आवाज बंद. फळ्याचे मनातल्या मनात तीन उभे भाग करा: डावीकडे विषय आणि कायम राहणाऱ्या गोष्टी, मधे चालू काम, उजवीकडे आकृती किंवा आलेख. डावा भाग शेवटपर्यंत पुसायचा नाही. अक्षर साधारण दोन इंच उंच, म्हणजे शेवटच्या बाकावरून वाचता येतं. उजव्या हाताने लिहिणारा माणूस स्वतःच लिहिलेलं झाकून उभा राहतो, म्हणून ओळ संपली की एक पाऊल बाजूला आणि तोंड वर्गाकडे. लिहिताना बोलायचं असेल तर फक्त जे लिहिताय तेच. समजावणं वर्गाकडे वळल्यावर.

पांढरा फळा असेल तर स्वतःचे दोन मार्कर न्या, काळा आणि निळा. हिरवा-लाल लांबून फिका पडतो. तिथले मार्कर सुकलेले असतात हे गृहीत धरा.

प्रोजेक्टर मिळेल असं पत्रात लिहिलं असलं तरी फळ्यावरची तयारी हवीच. स्लाइड नेल्याच तर पीडीएफ करून. फॉन्ट आणि रासायनिक आकृत्या दुसऱ्याच्या संगणकावर उधळतात.

समितीला 'विद्यार्थी मित्रांनो' म्हणावं का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं. म्हणू नका, नाटकी वाटतं. पण प्रश्न जरूर विचारा, तीनेक सेकंद थांबा, कुणी उत्तर दिलं तर त्या उत्तरावरून पुढे जा. नाही दिलं तर स्वतः द्या. ताटकळत उभं राहू नका.

सुरसागर_काठ | मंगळवार, दुपारी १:४०

सगळ्यांचे खूप आभार. हाफ-लाइफच घेते. असा आराखडा केलाय, बघा बरं:

अर्धा मिनिट ओळख. एक मिनिट ऑर्डरची व्याख्या. अडीच मिनिटं रेट इक्वेशन आणि त्याचं इंटिग्रेशन. एक मिनिट हाफ-लाइफचं सूत्र. दीड मिनिट उदाहरणं, रेडिओअॅक्टिव्ह डीके आणि औषधं. शेवटी सारांश.

खडू_फळा | मंगळवार, रात्री ८:५५

इंटिग्रेशन तुमचा जीव घेईल. अडीच मिनिटं तोंड फळ्याकडे, आणि हाती काय? समितीला आधीपासून माहीत असलेलं सूत्र. तुमचा मुद्दा पाचव्या मिनिटाला सुरू होतोय. उलटं करा. आधी आकडे, मग सूत्र.

फळ्याच्या मध्यभागी तीन स्तंभ आखा. तिन्हींत सुरुवात १०० पासून आणि पहिली निम्मी व्हायला १० मिनिटं.

पहिला स्तंभ: १०० ते ५० दहा मिनिटं, ५० ते २५ पाच मिनिटं, २५ ते १२.५ अडीच मिनिटं.
दुसरा: दहा, दहा, दहा.
तिसरा: दहा, वीस, चाळीस.

वर नावं लिहू नका. विचारा, 'कुठल्या स्तंभात घड्याळ बदललं नाही?' उत्तर आलं की मग वर लिहा: झीरो, फर्स्ट, सेकंड ऑर्डर. इथपर्यंत दोन मिनिटं झाली आणि मुख्य गोष्ट फळ्यावर आली. आता कारण. झीरो ऑर्डरमध्ये वेग ठरलेला, मिनिटाला ५, म्हणून माल कमी उरला की निम्मा लवकर संपतो. फर्स्ट ऑर्डरमध्ये माल निम्मा झाला की वेगही निम्मा होतो, म्हणून वेळ तेवढीच. सेकंड ऑर्डरमध्ये माल निम्मा तर वेग चौथाई, म्हणून वेळ दुप्पट. हे तोंडी पटलं की सूत्र एका ओळीत: ०.६९३ भागिले के (वेगाचा स्थिरांक), आणि आपल्या उदाहरणात के म्हणजे ०.०६९३ प्रति मिनिट. इंटिग्रेशन विचारलं तर करून दाखवायची तयारी ठेवा, आपणहून काढू नका.

उदाहरणं दोन नकोत, एक पुरे. 'सारांश' हा शब्द काढून टाका. शेवटी वर्गाला एक गणित द्या: तीन हाफ-लाइफनंतर किती टक्के उरलं? साडेबारा. तिथेच थांबा.

विश्वामित्री | मंगळवार, रात्री ९:४०

खडू_फळा यांच्याशी सहमत. फक्त याच्यानंतर काय येतं तेही बघा, कारण तुम्ही उचललेला विषय म्हणजे तज्ज्ञाला तुम्हीच दिलेली प्रश्नपत्रिका. कायनेटिक्स म्हटलं की पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला: 'प्रयोगशाळेत फर्स्ट ऑर्डर कशी दाखवाल?' आणि तुम्ही म्हणणार मिथाइल अॅसिटेटचं आम्लातलं हायड्रोलिसिस, सगळे तेच म्हणतात. मग साखळी सुरू होते.

'यात पाणीही भाग घेतं, मग फर्स्ट ऑर्डर कशी?' पाणी इतकं जास्त आहे, लिटरला सुमारे ५५.५ मोल, की त्याचं कॉन्सन्ट्रेशन बदलत नाही. म्हणून स्यूडो फर्स्ट ऑर्डर. 'एकच रिअॅक्टंट आहे म्हणून' हे उत्तर इथे हमखास ऐकू येतं आणि ते चूक.

'मिळालेल्या के मध्ये आणखी काय दडलंय?' आम्लाचं कॉन्सन्ट्रेशन. आम्ल कॅटॅलिस्ट आहे, खर्च होत नाही, म्हणून ते स्थिर राहून के मध्ये मुरतं. आम्लाची ताकद बदलली की के बदलणार.

'५ मिलि. नमुना बर्फाच्या पाण्यात का ओतता?' थंडीने आणि विरळ झाल्याने प्रक्रिया जवळजवळ थांबते, टायट्रेशन करेपर्यंत आकडा सरकत नाही.

'इन्फिनिटी रीडिंग कशाला?' शून्य वेळेचं रीडिंग म्हणजे फक्त घातलेलं आम्ल. इन्फिनिटीचं म्हणजे ते आम्ल आणि सगळ्या एस्टरपासून तयार झालेलं अॅसेटिक अॅसिड. दोन्हींतला फरक म्हणजे सुरुवातीचा एस्टर, आणि इन्फिनिटी वजा त्या वेळचं रीडिंग म्हणजे उरलेला एस्टर. लॉगमध्ये हेच गुणोत्तर जातं.

'एंड पॉइंटचा गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो, का?' इथे बहुतेकांची विकेट पडते. उरलेला एस्टर जास्तीचा अल्कली खातो, थोडा हवेतला कार्बन डायऑक्साइडही. म्हणून पहिला टिकलेला फिका गुलाबी धरायचा, रंग गेला म्हणून पुन्हा थेंब घालत बसायचं नाही.

हे पाच प्रश्न टीवायच्या (बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या) प्रॅक्टिकल जर्नलमधले आहेत. थीसिस चाळण्याआधी ते जर्नल शोधा.

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री १०:०५

आणि आर्ट्सवाल्यांनी काय करायचं? आमच्याकडे टायट्रेशन नाही हो.

विश्वामित्री | मंगळवार, रात्री १०:५०

तत्त्व तेच. इतिहास असेल तर 'सयाजीराव गायकवाडांचं शैक्षणिक कार्य' हा विषय घेऊ नका, त्यावर भाषण होतं, तास होत नाही. '१८९३ साली अमरेलीत सुरू झालेली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना सगळ्या संस्थानात यायला १९०६ का उजाडलं' हा तास. एक कालरेषा, दोन टोकं, मधल्या तेरा वर्षांवर प्रश्न. लगेच पुढचा प्रश्न येणार: 'साधन कोणतं?' संस्थानचे प्रशासकीय अहवाल म्हणालात तर 'अहवाल सरकारनेच लिहिले, त्यांच्यावर कितपत विसंबायचं?' याचं उत्तर हवं. मोडी वाचता येत असेल तर बायोडेटात लिहा, पण मग समोर मोडीचा कागद येऊ शकतो. येत नसेल तर 'अवगत आहे' असलं काही लिहू नका.

'हेच विद्यापीठ का?' या प्रश्नाला 'नामांकित संस्था आहे' हे उत्तर वाया गेलेलं उत्तर. संस्कृत, इतिहास, मराठीवाल्यांनी सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराची हस्तलिखितं आणि तिथून निघालेली वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या कामाशी जोडून सांगावी. विज्ञानवाल्यांनी विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन कुणाचं काम आपल्याला पूरक आहे, कुठलं उपकरण आहे, ते नावानिशी सांगावं. नसलेल्या उपकरणावर संशोधनाचा आराखडा बेतलात तर विभागप्रमुख तिथेच हसतात.

दांडियाबाजारकर | बुधवार, सकाळी ८:१५

थीसिसबद्दल थोडं. दोन आवृत्त्या पाठ नव्हे, तयार ठेवा. एक नव्वद सेकंदांची, जी कुलगुरूंना कळेल, ते कदाचित कॉमर्सचे किंवा इंजिनीअरिंगचे असतील. दुसरी पाच मिनिटांची, तज्ज्ञांसाठी. पहिलीत एकही संक्षेप नको.

पाचही पेपरांची पहिली पानं फाइलीत. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: प्रश्न काय होता, त्यात तुमचं स्वतःचं काम कोणतं, आणि काय जमलं नाही. सहलेखक पाच असतील तर 'तुम्ही नेमकं काय केलंत' हे येणारच. 'सगळं मीच' हेही उत्तर बुडवतं आणि 'सरांनी सांगितलं ते केलं' हेही.

जर्नलबद्दलही विचारतात. यूजीसीची केअर (मान्य जर्नलांची) यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे 'यादीत होतं' एवढ्यावर भागत नाही. हे जर्नल का निवडलं, परीक्षण कसं झालं, किती दिवस लागले, पैसे भरले का, हे सांगता यावं. जुने पेपर असतील तर प्रकाशनाच्या वेळी जर्नल यादीत असल्याचा पुरावा छापून ठेवा.

पुढचं संशोधन विचारलं तर निधीचा रस्ता ठाऊक असावा. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या एसईआरबीची जागा आता एएनआरएफने घेतली आहे, अजून एसईआरबीचंच नाव घेतलं तर वाचन थांबलंय हे कळतं. राज्याच्या बाजूने गुजकॉस्ट (गुजरातची विज्ञान परिषद). सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआर (त्यांची संशोधन परिषद).

कागदी_घोडे | बुधवार, सकाळी ९:००

प्रशासकीय प्रश्न पटकन: असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रॅक्टिकल. तीन वर्षांच्या पदवीला १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट. वाङ्मयचौर्यात १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे ४०, ६० आणि ६०च्या वर अशा पायऱ्या. सुरुवातीचा पगार लेव्हल १०, मूळ ५७,७००. हे शेवटचं ठाऊक असावं, पण आपणहून काढू नये.

नव्या शैक्षणिक धोरणावर भाषण पाठ करून जाऊ नका. 'अभ्यासक्रमातला एक पेपर कोर्स आउटकमसकट (विद्यार्थ्याला शेवटी काय करता येईल त्यासकट) मांडा' म्हटलं तर कागदावर चार ओळी लिहिता याव्यात. 'समजेल' हे आउटकम नव्हे, 'काढू शकेल', 'तुलना करू शकेल' हे आउटकम, कारण ते परीक्षेत तपासता येतं.

राजवाडा_सराफा | बुधवार, दुपारी १२:३०

इंदूरहून. तुमच्याकडे सगळं इंग्रजीत चालतं, आमच्याकडे मध्य प्रदेशच्या सरकारी कॉलेजांची भरती लोकसेवा आयोगातर्फे, म्हणजे आधी लेखी आणि मग मुलाखत, आणि ती इथेच इंदुरात. हिंदीतून उत्तरं देता येतात, पण पारिभाषिक शब्दांची खिचडी होते. इंग्रजीत शिकलेला उमेदवार हिंदीत 'अभिक्रिया की कोटि' म्हणायला जातो आणि अडखळतो. जी भाषा धराल त्यातले पन्नासेक शब्द मोठ्याने म्हणून ठेवा. बडोदेकरांनी विचारलं जाण्याची शक्यता असलेला प्रश्न: 'गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांना कसं शिकवाल?'

खडू_फळा | बुधवार, रात्री ९:१०

हा मुद्दा बरोबर. सयाजीराव विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी, पण पहिल्या वर्षाला गुजराती माध्यमाची मुलं भरपूर. 'मी गुजरातीत समजावीन' हे अर्धंच उत्तर. पारिभाषिक शब्द इंग्रजीतच फळ्यावर, समजावणं दोन्हींत, आणि पहिल्या महिन्यात दर तासाला पाच शब्दांची यादी, असं काहीतरी ठोस सांगा. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती येतेच, पण 'येते' म्हणालात की पुढचा प्रश्न गुजरातीत येतो, तयारी ठेवा.

आणि उत्तर येत नसेल तर 'हे मला येत नाही' एवढंच म्हणा. 'सर, वाचलं होतं, आत्ता आठवत नाही' असं म्हटलं की तज्ज्ञ आठवण करून द्यायला लागतात आणि दोन मिनिटं त्या खड्ड्यातच जातात.

सुरसागर_काठ | बुधवार, रात्री १०:२०

पाच मुद्द्यांच्या प्रमाणपत्राचा अर्ज आज टाकला. तीन स्तंभांची तालीम घड्याळ लावून केली, सात मिनिटं दहा सेकंद. आता एकच शंका. मुलाखत कुठल्या इमारतीत ते पत्रात धड कळत नाही. 'कलाभवन' असा उल्लेख आहे. म्हणजे स्टेशनजवळचं, घुमट असलेलं आर्ट्स फॅकल्टीचं ना?

दांडियाबाजारकर | बुधवार, रात्री १०:२८

नाही! बरं झालं विचारलंत. कलाभवन म्हणजे टेक्नॉलॉजी आणि इंजिनीअरिंगची फॅकल्टी, राजमहाल रोडला. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली तांत्रिक शाळा ती हीच. घुमटाची इमारत म्हणजे जुनं बडोदा कॉलेज, ती स्टेशनलगत. रिक्षावाल्याला नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणालात तर तो स्टेशनच्या बाजूलाच सोडेल. उद्या ऑफिसच्या वेळेत पत्रावरच्या नंबरवर फोन करून इमारत, मजला आणि खोली विचारून घ्या, आणि आदल्या दिवशी एक फेरी मारून या. तिथे फळा काळा आहे की पांढरा तेही दारातून दिसेल.

खडू_फळा | बुधवार, रात्री १०:४१

सात-दहा जास्त झाले. तिसरा स्तंभ तोंडी सांगा, लिहू नका. सव्वासहा होतील.